पोटात न गेलेली गोळी

पहिल्या खेपेला त्याने पटाशी उचलली तेव्हा भर दुपार होती आणि घराची दारं-खिडक्या सताड उघडी होती. सुताराच्या घरात पटाशी हाताशीच पडलेली असते. लाकूड कोरायचं हत्यार ते, धार अशी की बोटाला लागलं तर आधी रक्त दिसतं आणि मग कळ येते. ती घेऊन त्याने आधी कपाट फोडलं. स्वतः बनवलेलं कपाट बरं का, लग्नानंतर पहिल्याच वर्षी, एकेक सांधा जीव ओतून बसवलेला. त्याचं दार उपटून फेकलं, फळ्या भिंतीवर आपटून आपटून मोडल्या, आणि तोंडाने एकच धोशा, "बाहेर काढा तिला! भिंतीत कोंडलीय माझ्या बायकोला! ओरडतेय ती, ऐकू येत नाही का तुम्हाला?"

बायको त्याच्या पुढ्यातच उभी होती.

"अहो, मी इथे आहे. इकडे बघा," ती म्हणाली.

त्याने पाहिलं. त्या डोळ्यांत ओळखीचा मागमूसही नव्हता. "तूच कोंडलंस तिला," तो म्हणाला आणि पटाशी तिच्या दंडात घातली. ती किंचाळत जिन्याकडे पळाली. वळणावर त्याने तिचे केस धरले आणि राहिलेल्या पायऱ्या तिने पाठीवरच उतरल्या. रस्त्यावर तिला ओढत आणलं तेव्हा समोरचा शिंपी हातातली कात्री टाकून धावला, मागून दोघे हमाल आले. तिघांना मिळूनही तो आवरेना. शेवटी तिच्याच कपडे वाळत घालायच्या दोरीने त्याला खांबाला बांधला. अर्धी गल्ली बघायला गोळा झाली होती, आणि तो बायकोच्या नावाने टाहो फोडत होता.

आता हा माणूस कोण, तर गल्लीत ज्याला गरीबगाय म्हणत तो. फळी कापताना भुंगा दिसला तर करवत थांबवून त्याला वाट करून देणारा. कोणी याच्या पायावर पाय दिला तर हाच "माफ करा हं" म्हणायचा. आणि त्याच्या बायकोला सगळे कडक म्हणत. घरातच खिडकीशी तिचं इस्त्रीचं टेबल होतं. बापाच्या टेबलाखालीच लहानाची मोठी झालेली ती, कोळशाच्या इस्त्रीचा ताव ओल्या बोटाच्या चर्र आवाजावरून ओळखायची. आधी कॉलर, मग खांदा, मग कफ, बटणांच्या मधली जागा टोकाने. शर्ट घडी होऊन पडला की घालणाऱ्याला मान वाकवायची चोरी. जीभही तशीच तापलेली. कोळसेवाल्याने ओला माल दिला तर त्याच्या सात पिढ्यांना इस्त्री करून सोडायची. या घरात कोणी कोणाला बडवत असेल तर तीच त्याला, असं लोक हसून म्हणत. तोही हसायचा.

त्याला टीबी झाला होता, तोही दुसऱ्यांदा. पहिल्या वेळी जरा बरं वाटताच गड्याने औषध अर्ध्यावर सोडलं, म्हणून या वेळी साध्या गोळ्यांना जंतू दाद देईनात. मोठा कोर्स लागला, रोजच्या मूठभर गोळ्या. दवाखान्यातली सिस्टर दर खेपेला दोघांना समोर बसवून एकाच क्रमाने विचारायची. डोळे, कान, पाय, पोट, झोप, मन. रंगीत ठिपक्यांचा कागद धरायची, आकडा दिसतो का? कापसाचा बोळा पायाच्या बोटांवरून फिरवायची, कळतं का? मुंग्या येतात का? लघवी कशी होते? सगळ्यांत शेवटी, चष्म्यावरून बघत, "आणि मन?"

"ही दोन रंगांची कॅप्सूल आहे ना," तिने सुरुवातीलाच बजावलं होतं, "ही कधीकधी डोक्यात जाते. झोप उडते, चिडचिड होते, भास होतात. जरा काही वेगळं दिसलं की मला येऊन सांगायचं. उद्यावर टाकायचं नाही."

त्याची झोप उडाली होती. तो भिंतीला कान लावून बसायचा. कडकला वाटलं, आजाराची काळजी लागलीय बिचाऱ्याला. तिने उद्यावर टाकलं, आणि मग ती दुपार आली.

दवाखान्यात त्याला खाटेला बांधून ठेवलं, कॅप्सूल बंद केली. हळूहळू ताप उतरावा तसं ते उतरलं. शुद्धीवर येऊन त्याने तिच्या दंडावरचं बँडेज पाहिलं.

"हे मी केलं?"

"तुम्ही नाही हो," ती म्हणाली. "गोळीने केलं."

तिच्या मांडीवर डोकं ठेवून तो लहान पोरासारखा रडला. तीही रडली. पण 'गोळीने केलं' हे वाक्य तिनेच त्याला दिलं होतं, हे पुढे तिच्या फार जिवाला लागलं.

डॉक्टर म्हणाले, ही कॅप्सूल सोडून चालणार नाही. कमी करून देऊ, जोडीला डोकं सांभाळायला एक जीवनसत्त्वाची गोळी देऊ, आणि बारीक लक्ष ठेवू. सिस्टरने गोळ्यांची पिशवी कडकच्या हातात दिली. "रोज तुझ्या हाताने द्यायच्या. तुझ्या डोळ्यांदेखत गिळल्या पाहिजेत."

तिने मान डोलावली, आणि घरी येऊन ती कॅप्सूल बटणांच्या डब्यात टाकली.

हा डबा इस्त्रीच्या टेबलाखाली असायचा. कपड्यांची तुटलेली बटणं त्यात जमा व्हायची, गिऱ्हाइकाने मागितलं तर शोधून द्यायला. त्यात रोज एक कॅप्सूल पडायला लागली. तिला कळत नव्हतं असं समजू नका. एक औषध गाळलं तर बाकीची लंगडी पडतात, हे सिस्टरने घोकवून घेतलं होतं. पण दंडातली जखम अजून ठणकत होती, आणि त्याचे ते न ओळखणारे डोळे आठवले की तिच्या तोंडचं पाणी पळायचं. तो मात्र गोळ्यांकडे कधी बघतच नसे. डोळे मिटायचा, मूठ तोंडात रिकामी करायचा, घटाघटा पाणी प्यायचा. "झाल्या सगळ्या?" विचारायचा. "झाल्या," ती म्हणायची. तो खोकला की ती हातातली इस्त्री थांबवून कान द्यायची. आपण याला वाचवतोय की मारतोय, हे तिचं तिलाच समजेना.

तो वाचत होता. अंग भरलं, आवाज मोठा झाला, फर्निचरच्या कारखान्यात हलकं काम करायला जायला लागला. आजारात सगळ्यांनी त्याला तळहाताच्या फोडासारखं जपलं होतं. पाणी हातात, जेवण पुढ्यात, त्याची धाकटी बहीण रोज विचारपूस करायला. त्याचीही सवय लागते माणसाला.

पहिली थप्पड शर्टावरून पडली. कामाला जायला निघाला तर त्याचा शर्ट गठ्ठ्यात तसाच होता.

"दुनियेचे कपडे कडक, आणि नवऱ्याचा चुरगळलेला?"

"आत्ता करते. दोन मिनिटं थांबा की, शर्टाला काय पाय फुटणारेत?"

ती नेहमीसारखंच बोलली होती. त्याचा हात असा आला की कानशिलाखाली जाळ झाला आणि ती टेबलावर कोलमडली. तो आपल्या पंजाकडे बघत राहिला, आणि म्हणाला, "डोकं फिरलं बघ माझं. ती गोळी पुन्हा चालू केलीय ना."

तिने खाली पडलेला शर्ट उचलला. काय सांगणार? की तुमच्या पोटात ती गोळी जातच नाही? तिने स्वतःची समजूत घातली. जुन्या औषधाचा काहीतरी अंश अंगात राहिला असेल. निघून जाईल.

कुठला जातोय! थपडेचा गुद्दा झाला, गुद्द्याची लाथ झाली. दरवेळी शेवटी तेच, "माझ्या हातात नाही गं, गोळी आहे ती." नणंद यायची आणि हात हातात घेऊन म्हणायची, "वहिनी, सांभाळून घे. दादा असा होता का कधी? मुंगी मारवत नव्हती त्याला. औषधाने वाट लावलीय त्याची." शिंप्याची बायकोही कुजबुजायची, "औषधाचा गुण, दुसरं काय? आम्ही बघितलंय ना त्या दिवशी." अख्ख्या गल्लीने बघितलं होतं, हीच तर पंचाईत होती. त्या एका दुपारच्या जोरावर त्याला सगळं माफ झालं होतं.

पण एक गोष्ट गल्लीने बघितलेली नव्हती. तो आता आधी खिडकी लावायचा.

कामावरून यायचा, हात-पाय धुवायचा, रेडिओ मोठा करायचा. मग खिडकी ओढून घ्यायचा आणि स्वतः बनवलेली लाकडी खिटी सरकवायचा. त्या खिटीचा खट् आवाज झाला की कडक मागे भिंतीशी सरकायची. मारायचं कुठे तेही ठरलेलं. पाठ, मांड्या, दंड, बाही जिथे झाकते तिथे. तोंडावर नाही, कारण गिऱ्हाईक तोंड बघतं. आणि सामान? एका फळीला धक्का नाही. कपाट त्याने नव्याने बनवलं होतं, पॉलिश करून. एकदा तिचं डोकं त्या कपाटावर आपटणार, तर त्यानेच तिला केसाला धरून दुसरीकडे वळवली आणि भिंतीवर आपटली.

एकदा तिनेही हात उचलला, नाही असं नाही. कडक होती ती. तापलेली इस्त्री घेऊन उभी राहिली. "या पुढे! या!" त्याने मनगट पिरगाळलं. इस्त्री खाली पडली, निखारे फरशीभर उडाले, आणि तिची करंगळी कट्कन मोडली. तो निखारे पायातल्या चपलेने गोळा करत म्हणाला, "आजारी नवऱ्यावर इस्त्री उगारतेस? लाज नाही वाटत?" आणि खरं सांगायचं तर तिला वाटली. मूर्खासारखी लाज वाटली. पुढे कित्येक दिवस ती डाव्या हाताने इस्त्री करत होती.

दवाखान्यात एक दिवस त्याचं वजन चाललं असताना पिशवी सावरताना तिची बाही वर सरकली. सिस्टरचं लक्ष गेलं.

"हे काय?"

"इस्त्रीचा चटका."

"चटक्याला फोड येतो गं बाई. ही बोटं उमटलीत." सिस्टरने त्याच्याकडे पाहिलं.

तो एक क्षण चपापला असेल नसेल. लगेच त्याच्या डोळ्यांत पाणी आलं. "सिस्टर, मीच सांगणार होतो. ती कॅप्सूल मला सोसत नाही हो. हात उठतो माझा तिच्यावर. नंतर वाटतं हा हात करवतीने कापून टाकावा."

सिस्टरने हातातलं पेन खाली ठेवलं. "अरे देवा. आणि मी आपली विचारतेय, मन कसंय, मन कसंय." पुढच्या खेपेला दोघांनी डॉक्टरांपुढे यायचं ठरलं. औषध बदलावं लागणार असं दिसत होतं. गोळी डब्यात पडतेय हे कडकने तेव्हाही सांगितलं नाही, आणि परत जाताना सगळ्या रस्त्याने तो तिच्या चार पावलं पुढे चालत राहिला.

घरी आल्यावर हात-पायही न धुता त्याने रेडिओ लावला. खिटी सरकली. खट्.

"दंड दाखवत फिरतेस?"

त्या दिवशी त्याने पट्टा काढला. ती कोपऱ्यात मुटकुळं करून बसली, तर पट्टा टाकून लाथा घातल्या. बरगडीत काहीतरी मोडल्याचं तिला कानांनी ऐकू आलं, दुखायच्या आधी. श्वास आत जाईना. आणि एवढ्यात दारावर थाप पडली. शर्ट न्यायला गिऱ्हाईक आलं होतं.

तो थांबला. उठलेला पाय अलगद खाली ठेवला. भांगावरून हात फिरवला, शर्टाची पुढची बाजू नीट केली, रेडिओ बारीक केला. दार जेमतेम उघडून म्हणाला, "या, या! तयारच आहेत. ती जरा पडलीय, अंगात कणकण आहे तिच्या." गठ्ठ्यातून बरोबर त्याच माणसाचे शर्ट काढले, वरची घडी हाताने सारखी केली, दिले. "बसा ना, चहा घेऊन जा. नाही? बरं, बरं. घरी सगळे मजेत ना?" दोघे कशावरून तरी हसले. दार लागलं. रेडिओ मोठा झाला. आणि मग तो परत तिच्याकडे आला आणि जिथे थांबला होता तिथून सुरू झाला.

दारात तो गिऱ्हाइकाबरोबर हसला तेव्हा ती जमिनीवर गाल टेकून पडली होती, आणि तिला लख्ख कळून चुकलं. डोकं फिरलेल्या माणसाने तिला केस धरून भर रस्त्यात आणलं होतं. त्याला जगाची शुद्ध नव्हती, बायकोचीही नव्हती. या माणसाला सगळ्याची शुद्ध होती. अंगात कसलाही अंश-बिंश राहिलेला नव्हता. जे होतं ते त्याचं स्वतःचं होतं, आणि त्याला ते आवडायला लागलं होतं. असंच चाललं तर हा आपल्याला एक दिवस जिवे मारेल, आणि गल्ली म्हणेल, बिचारा, औषधाने केलं.

डॉक्टरांकडे जायच्या दिवशी तिने बटणांचा डबा पिशवीत घातला. बाहेर काढू की नको, हे ठरत नव्हतं. काढला तर दुखणेकऱ्याचं औषध चोरणारी बाई म्हणून तोंड काळं होणार, आणि घरी गेल्यावर तो काय करेल ते वेगळंच. वाटभर डबा पिशवीत खुळखुळत होता आणि प्रत्येक श्वासाला बरगडी टोचत होती. नणंदही सोबत आली होती, दादाला आधार म्हणून.

डॉक्टर तरुण होते, पण माणूस सरळ. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. म्हणाले, "कॅप्सूल बंद करू. आणखी एका गोळीवरही माझा संशय आहे, तीही काढू. त्यांच्या जागी इंजेक्शन द्यावं लागेल. रोज. दुखतं ते, आणि त्याने कान जाऊ शकतात. कोर्सही लांबेल. पण घरात हे असं चालू ठेवता येणार नाही."

"कान गेले तरी चालतील, डॉक्टर," तो भरल्या गळ्याने म्हणाला. "पण माझ्या लक्ष्मीवर हात नको उठायला."

नणंदेने डोळे पुसले. सिस्टरनेही नाक ओढलं. आणि इकडे कडकच्या अंगाचा तिळपापड झाला. पायापासून मस्तकापर्यंत जाळ! अरे, एवढ्या हुशारीने, एवढ्या गोड आवाजात, कान द्यायला निघालाय, पण आपला हात आपला म्हणायला तयार नाही! उद्या कान जातील, तेव्हा म्हणेल, ऐकू येत नाही म्हणून डोकं फिरतं. परवा आणखी काही. याला कारणांचा काय तोटा!

तिने डबा काढला आणि डॉक्टरांच्या टेबलावर उपडा केला.

बटणं घरंगळत चहूकडे गेली. पांढरी, काळी, कोटाची मोठी, आणि त्यांच्यामध्ये दोन रंगांच्या कॅप्सूल. ढीगभर.

"हे काय आहे?" सिस्टर उभी राहिली.

"मोजून घ्या. तुम्ही पुन्हा चालू केल्यापासून जेवढ्या दिल्यात तेवढ्या असतील. एकही यांच्या पोटात गेलेली नाही. मला भीती वाटली म्हणून मी दिली नाही. रोज खोटं बोलले."

डॉक्टर संतापले, आणि ते चुकीचं नव्हतं. "तुम्हाला कळतंय का काय केलंत? याचा जीव धोक्यात घातलात तुम्ही! जंतू बाकीच्या औषधांनाही सरावले असते तर?"

"घातला धोक्यात. चुकलं माझं. काय शिक्षा द्यायची ती द्या." तिचा आवाज चढला, बरगडी ठणकली, तरी ती थांबली नाही. "पण आधी मला एक सांगा, डॉक्टर. तुम्ही शिकलेले आहात. पोटात न गेलेल्या गोळीने माझी बरगडी कशी मोडली? ही करंगळी कशी मोडली? खिडकी कोणी लावली रोज? गोळीने? डोकं फिरलं होतं तेव्हा भर रस्त्यात मारलं हो यांनी मला, सगळ्यांसमोर. ते गोळीचं होतं, त्याचा मला राग नाही. पण हे आता खिडकी लावून मारतात!"

एक बटण टेबलाच्या कडेवरून खाली पडलं आणि फरशीवर गोल गोल फिरत राहिलं.

तो उठला. खुर्ची मागे सरकली. मूठ वळली होती, आणि चेहऱ्यावर तो रंग चढत होता जो फक्त तिलाच ठाऊक होता. त्याची नजर तिच्यावरून निघाली आणि भिंतीकडे, खिडकीकडे गेली. खिडकी उघडी होती. बाहेर व्हरांडाभर पेशंट बसले होते, शिपाई चहा पीत उभा होता.

तो खाली बसला.

हे सगळ्यांनी पाहिलं. नणंदेनेही पाहिलं. सिस्टरचा हात आपोआप तोंडावर गेला.

त्यानंतर कडक त्या घरी गेली नाही. सिस्टरने तिला आधी एक्सरेला नेलं, मग पोलिसांत तक्रार लिहायला. दोन्हीकडे स्वतः सोबत बसली. वाटेत म्हणाली, "चूक माझीही आहे गं. मी त्याच्यासमोर तुला विचारत होते. तू काय सांगणार होतीस, कपाळ?" तेव्हापासून त्या दवाखान्यात पेशंट बाहेर आणि घरचं माणूस आत, असं एकदा तरी वेगळं बसवून विचारतात. सिस्टर त्यात कोणाचं ऐकत नाही.

त्याची थुंकी पुन्हा तपासायला पाठवली होती. तो निकाल येईपर्यंत कडकच्या घशाखाली घास उतरला नाही. त्याने तिला मारलं होतं, पण तिला काही त्याला मारायचं नव्हतं. थुंकी साफ निघाली, तेव्हा ती शिंप्याच्या दुकानामागच्या खोलीत, जिथे तिने आता टेबल मांडलं होतं, कोळशाच्या पोत्यावर बसून हमसाहमशी रडली. मग उठली आणि इस्त्री फुंकली.

इंजेक्शन लागलं नाही. कॅप्सूल पुन्हा सुरू झाली, या वेळी खरोखरीची. रोज सकाळी तो दवाखान्यात जायचा, सिस्टरसमोर गिळायचा, जीभ वर करून दाखवायचा.

काही महिन्यांनी नणंद आली. खूप वेळ दारात घुटमळली.

"वहिनी, दादा अगदी पहिल्यासारखा झालाय गं. गरीबगाय. तू चल आता घरी."

कडकची इस्त्री शर्टाच्या कॉलरवरून फिरत होती. करंगळी वाकडीच बसली होती, मुठीबाहेर राहायची.

"वन्सं, कॅप्सूल घेतात का रोज?"

"घेतो की. एक दिवस चुकवत नाही. सिस्टरसमोरच घेतो."

"झोप लागते? भास वगैरे?"

"छे! गाढ झोपतो. सिस्टर म्हणाली, काही म्हणजे काही त्रास नाही त्याला."

"आणि हात उठतो कोणावर? सिस्टरवर? शिपायावर? कारखान्यातल्या मालकावर?"

"काहीतरीच काय, वहिनी! सगळ्यांशी गोड बोलतो तो. कोणावर म्हणून हात उचलला नाही त्याने."

बोलून झालं आणि आपण काय बोललो ते नणंदेच्या ध्यानात आलं. ती कडकच्या वाकड्या करंगळीकडे बघत राहिली.

"हं," कडक म्हणाली. "बसा. उन्हातून आलात, पाणी देते." तिने इस्त्री उभी ठेवली आणि आधी जाऊन खिडकीचं अर्धं उघडं दार पुरतं उघडलं.